तीनदा मोजलेली निवडणूक

2004 च्या नोव्हेंबरात मला अमेरिकेत येऊन जेमतेम चार महिने झाले होते. नवऱ्याची नोकरी वॉशिंग्टन राज्यात होती. राजधानीचं वॉशिंग्टन नव्हे. हे राज्य देशाच्या पार वायव्य कोपऱ्यात, पॅसिफिकच्या काठाला आहे. सिएटलच्या पूर्वेला दोन खोल्यांच्या अपार्टमेंटात आम्ही संसार मांडला होता. माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती, दुपारी साडेचारला अंधार पडायचा आणि पाऊस हटायचा नाही. घरात टीव्ही होता. त्या टीव्हीवर मी एक निवडणूक पाहिली. 2 नोव्हेंबरला मतदान झालं आणि तिचा शेवटचा निकाल लागला तेव्हा पुढच्या वर्षीचा जून उजाडला होता.

निवडणूक गव्हर्नरची होती. आपल्याकडे हा शब्द ऐकला की राजभवन डोळ्यांपुढे येतं, पण इथला गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्री समजा, फक्त आमदारांनी निवडलेला नाही, तर अख्ख्या राज्याने थेट मत देऊन निवडलेला. (आपल्या राज्यघटनेच्या मसुद्यातही राज्यपाल लोकांनी निवडून द्यावा असा एक पर्याय होता. एकाच राज्यात लोकांनी निवडलेली दोन माणसं समोरासमोर उभी ठाकतील या काळजीने घटना समितीने 1949 मध्ये तो सोडून दिला.) एका बाजूला डेमोक्रॅटिक पक्षाच्या क्रिस्टीन ग्रेगवार, राज्याच्या ॲटर्नी जनरल. दुसऱ्या बाजूला रिपब्लिकन डिनो रॉसी, मालमत्तेच्या व्यवसायातला माणूस, राज्याच्या सिनेटमध्ये बसलेला. मतं पडली सुमारे 28 लाख.

पहिली मोजणी संपली तेव्हा रॉसी 261 मतांनी पुढे होते. फरक इतका कमी असला की फेरमोजणी आपोआप होते, कुणी अर्ज करावा लागत नाही, असा कायदा होता. यंत्रांनी पुन्हा मोजलं. रॉसींची आघाडी 42 वर आली. 30 नोव्हेंबरला राज्याच्या निवडणूक प्रमुखांनी, सॅम रीड यांनी, रॉसी विजयी झाल्याच्या कागदावर सही केली. रॉसी मंत्रिमंडळाच्या तयारीला लागले.

पण कायद्यात आणखी एक वाट होती. हरलेल्याला हाताने मोजणी मागता येत होती. खर्चाची अनामत भरायची. निकाल पालटला तर पैसे परत, नाही पालटला तर गेले. डेमोक्रॅटिक पक्षाने 7,30,000 डॉलर भरले. मग राज्याच्या 39 काऊंट्यांमध्ये (आपल्या जिल्ह्यासारखं प्रकरण) माणसं टेबलांशी बसली. समोर दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी, आणि एकेक मतपत्रिका डोळ्यांनी पाहून वेगळी काढायची. या तिसऱ्या मोजणीत ग्रेगवार 129 मतांनी पुढे निघाल्या.

मी अकलूजच्या पंचक्रोशीतली. माझे वडील, आप्पा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि प्रत्येक निवडणुकीला त्यांची केंद्राध्यक्ष म्हणून नेमणूक व्हायची. लहानपणी मला निवडणूक म्हणजे आप्पांची पिशवी माहीत होती. लाखेच्या कांड्या, सुतळी, फुलीचा रबरी शिक्का, शाईची बाटली, फॉर्मांचे गठ्ठे. मतपत्रिका द्यायच्या आधी ते ती घडी घालून दाखवायचे, आधी उभी, मग आडवी. का, ते एकदा मी विचारलं होतं. म्हणाले, "अगं, शाई ओली असते. घडी चुकली की फुली भलत्याच चिन्हावर उमटते. मतदार बिचारा बरोबर शिक्का मारून जातो आणि मोजणीच्या टेबलावर त्याचं मत बाद होतं."

म्हणून त्या डिसेंबरात टीव्हीवर मोजणीची टेबलं दिसली तेव्हा मला परकं काही वाटलं नाही. मतपत्रिकेवरचा लंबगोल काळा करायचा, तर कुणी त्यावर बरोबरची खूण केली होती, कुणी नावाभोवतीच गोल काढला होता. यंत्राला ते कळत नाही, माणसाला कळतं. एक कागद तीनदा मोजला तर आकडा तीनदा वेगळा येतो तो यामुळे. कागद म्हणजे शंभर नंबरी सोनं, असं आपल्याकडे हल्ली जे बोललं जातं, ते मी या एका अनुभवामुळे कधीच म्हणू शकले नाही.

त्याच डिसेंबरात जे घडलं त्याने मात्र मला जास्त शिकवलं. सिएटल ज्या काऊंटीत येतं त्या किंग काऊंटीत पोस्टाने आलेली मतपत्रिकांची काही पाकिटं सही जुळत नाही म्हणून बाद झाली होती. लॅरी फिलिप्स नावाचे काऊंटीचे एक लोकप्रतिनिधी बाद झालेल्या मतदारांची यादी चाळत होते. त्यांना त्या यादीत आपलं स्वतःचंच नाव सापडलं. चौकशी केली तेव्हा कळलं की अशा बऱ्याच मतदारांची मूळ सही संगणकावर चढवलेलीच नव्हती. कागदी नोंद कपाटात होती. ती काढून ताडून बघायची, ते कुणी केलं नाही आणि पाकिटं सरळ बादमध्ये टाकली. आधी 573 निघाली, मग शोधता शोधता 735. रिपब्लिकन पक्ष म्हणाला, आता मध्येच नवी मतं घ्यायची नाहीत, आणि खालच्या कोर्टातून मनाई आणली. 22 डिसेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली: मतदाराची चूक नाही, कचेरीची आहे, तर मतं तपासून मोजा.

रॉसींच्या मतदारांना काय वाटलं असेल, हे मी तेव्हाही समजू शकत होते. किंग काऊंटी डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला. आपला माणूस दोनदा जिंकला, आणि तिसऱ्यांदा मोजताना विरोधकांच्याच गावात विसरलेली पाकिटं निघतात. आमच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारं जोडपं राहायचं. त्या आजी मला कपडे धुण्याच्या खोलीत म्हणाल्या होत्या, "पोरी, हे त्यांना हवं ते उत्तर येईपर्यंत मोजत राहणार." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, दुःख होतं. त्यांचं चूक होतं असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

30 डिसेंबरला त्याच सॅम रीड यांनी आधीचा कागद रद्द करून ग्रेगवार यांच्या नावाचा कागद काढला. रीड स्वतः रिपब्लिकन. इथे निवडणूक चालवणारा अधिकारीच पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेला असतो. ही व्यवस्था मला आजही पटत नाही; आपला केंद्रीय निवडणूक आयोग, त्याचं घटनेतलं स्थान, सगळ्या देशाला एक नियम, हे कितीतरी सरस आहे. पण त्या माणसाने आपल्याच पक्षाच्या शिव्या खात तो कागद काढला, हेही मी पाहिलं.

रॉसींनी फेरमतदान मागितलं, ते मिळालं नाही, मग ते कोर्टात गेले. डोंगरापलीकडे वेनॅची नावाचं सफरचंदांच्या बागांचं गाव आहे, तिथे मे महिन्यात जॉन ब्रिजेस या न्यायाधीशांपुढे सुनावणी चालली आणि ती टीव्हीवर दाखवली गेली. मी सगळी पाहिली. कचेरीची सगळी लक्तरं तिथे बाहेर निघाली. न्यायाधीशांनी 1,678 मतं बेकायदा ठरवली. बहुतेक मतं शिक्षा झालेल्या आणि मताचा हक्क परत न मिळालेल्या माणसांची, काही मेलेल्यांच्या नावावर पडलेली, काही दोनदा दिलेली.

129 चा फरक आणि 1,678 बेकायदा मतं. मग निकाल कसा टिकला? रॉसींचे वकील म्हणत होते, ज्या केंद्रावर अशी मतं पडली त्या केंद्राच्या टक्केवारीनुसार ती दोघांच्या खात्यातून वजा करा. न्यायाधीश म्हणाले, असं चालणार नाही. कुणी कुणाला मत दिलं याचा पुरावा आणा. पुरावा आला तो मुख्यतः अशा चार जणांचा, ज्यांनी आपण रॉसींना मत दिल्याचं सांगितलं. ती चार मतं रॉसींच्या खात्यातून गेली आणि 129 चे 133 झाले. 6 जून 2005. त्याच संध्याकाळी रॉसींनी सांगितलं की ते अपील करणार नाहीत. 2008 मध्ये दोघं पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा ग्रेगवार चांगल्या मताधिक्याने जिंकल्या आणि मोजणीबद्दल कुणी बोललं नाही.

हे सगळं मी इतकं सविस्तर का सांगते आहे?

2024 च्या डिसेंबरात आमच्याच माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीचं नाव देशभर गाजलं. विधानसभेला तिथे भाजपचे राम सातपुते यांना 1,003 मतं मिळाली आणि उत्तमराव जानकर यांना 843. मतदारसंघात जानकरच निवडून आले होते, म्हणजे गावाचा माणूस हरला म्हणून ओरड होती असंही नाही. गावाचं म्हणणं होतं की आमच्या गावात इतकी मतं सातपुत्यांना पडूच शकत नाहीत. म्हणून 3 डिसेंबरला गावाने स्वतःच्या खर्चाने मतपत्रिका छापून अभिरूप मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान झालं नाही, नंतर गुन्हे दाखल झाले.

त्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे झालं ते महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत झालं असेल. भाचा म्हणत होता, ईव्हीएम हटवा, मतपत्रिका आणा. आप्पा त्याच्यावर चिडले. त्यांनी एकोणीसशे ऐंशीच्या दशकातली मतदान केंद्रं पाहिली होती. एका केंद्रावर दुपारनंतर पाच-सहा जण आत शिरून शिक्के मारायला लागले तेव्हा मतपेटीवर हात ठेवून ते उभे राहिले होते. "तुला कागद पाहिजे, कारण तू कागदाचे हाल बघितले नाहीस," असं त्यांनी लिहिलं. भाच्याने उत्तर दिलं, "आजोबा, तुम्ही सरकारी नोकरीत होता म्हणून तुमचा सरकारी यंत्रावर विश्वास." मग दोन दिवस ग्रुपवर सुप्रभातसुद्धा आलं नाही.

मी आता अमेरिकेची नागरिक आहे, भारतात मला मत नाही. तरी जिथे मत नाही तिथल्याबद्दल बोलते, कारण त्या केंद्रावर माझे आप्पा मत देतात आणि माझा भाचा मत देतो.

मला वाटतं, कागद की यंत्र या वादात दोघंही खरा प्रश्न बाजूला ठेवतात. वॉशिंग्टनमध्ये मतपत्रिका होत्या आणि तरी घोळ झाला. त्याच निवडणुकीत शेजारच्या स्नोहोमिश काऊंटीत मतदान केंद्रांवर टचस्क्रीन यंत्रं होती, मतदाराने तपासलेला कागद त्यांच्यात नव्हता. तिथे हाताने मोजायचं म्हणजे यंत्राने सांगितलेला आकडाच पुन्हा वाचायचा. दोन्ही टोकं मी एकाच राज्यात पाहिली. आपल्या ईव्हीएमने पुसट शिक्का, चुकलेली घडी, बाद मतांचे ढीग हे सगळं संपवलं, आणि लोकसभेची चौसष्ट कोटी मतं एका दिवसात मोजली जातात. इथे राहून मला त्याचं मोल पुरेपूर कळतं. आणि आपल्याकडे तर कागदही आहे. प्रत्येक मताची चिठ्ठी, म्हणजे स्लिप, यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटमध्ये छापली जाते आणि पेटीत पडते.

पण ती मोजायची कुणी मागायची, कधी मागायची? विधानसभेच्या एका मतदारसंघात सोडत काढून पाच केंद्रं निवडतात आणि तेवढ्यांच्याच स्लिपा मोजतात. बाकीच्या केंद्रांसाठी उमेदवार अर्ज करू शकतो, पण द्यायचं की नाही ते निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो. एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या स्लिपा मोजायला नकार दिला. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत अर्ज करून पाच टक्के यंत्रांची तपासणी मागण्याची सोय मात्र दिली. आयोगाने त्याचा दर एका संचाला 40,000 रुपये अधिक जीएसटी असा लावला, छेडछाड सापडली तर परत. ही सोय 7,30,000 डॉलरच्या अनामतीसारखी दिसते. पण तिच्यात तपासली जाते यंत्राची मेमरी, मतदाराने डोळ्यांनी पाहिलेली चिठ्ठी नव्हे. अकलूजच्या चौकातल्या माणसाला यंत्रातला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे त्यातली चिप, तपासला म्हणून सांगितलं तर त्याचं समाधान होणार नाही. समोर चिठ्ठ्या मोजल्या तर होईल.

मारकडवाडीच्या अभिरूप मतदानाच्या मी बाजूची नाही. गावासमोर, गावातल्या पुढाऱ्यांसमोर दुसऱ्यांदा मत द्यायचं, त्यात गुप्तता कसली राहणार? ज्याने खरोखर सातपुत्यांना मत दिलं असेल त्याने त्या दिवशी काय करायचं होतं? पण त्याला उत्तर म्हणून जमावबंदी लावली गेली, याचं मला फार वाईट वाटलं. उत्तर त्या गावाच्या सीलबंद पेटीत होतं. ती उघडून गावच्या चावडीत नव्हे, तहसीलला, दोन्ही उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर मोजायला अर्धा दिवस पुरला असता. जे निघालं असतं ते निघालं असतं. गावाचा संशय खोटा ठरला असता तरी तो माणसांसमोर, मोजून खोटा ठरला असता.

दोन आकडे माझ्या मनातून जात नाहीत. 2024 च्या जूनमध्ये मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघात यंत्रांची मतं मोजून झाली तेव्हा अमोल कीर्तिकर 4,51,095 आणि रवींद्र वायकर 4,51,094, म्हणजे एका मताचा फरक होता. टपाली मतं धरून वायकर 48 मतांनी जिंकले. बाद टपाली मतपत्रिका पुन्हा तपासल्या गेल्या, तसा नियमच आहे, पण साडेचार-साडेचार लाखांच्या लढतीत यंत्रांतल्या स्लिपा पूर्ण मोजायचा नियम नव्हता. कीर्तिकर उच्च न्यायालयात गेले, डिसेंबरमध्ये याचिका फेटाळली गेली. निकाल बरोबर असेलही. पण आमच्या ग्रुपवर एका बाजूला तो आजही चोरीचा वाटतो आणि दुसऱ्या बाजूला रडीचा डाव.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आमच्या वॉशिंग्टन राज्यात सार्वजनिक जमिनींच्या आयुक्तपदाची प्राथमिक फेरी झाली. पहिले दोन पुढे जातात. दुसऱ्या जागेसाठी डेव्ह अपथेग्रोव्ह आणि स्यू कूल पेडरसन यांच्यात सगळ्या राज्यात मिळून 51 मतांचा फरक पडला. 2004 नंतर कायदा सुधारला गेला होता: राज्यव्यापी निवडणुकीत फरक हजार मतांच्या आणि पाव टक्क्याच्या आत आला तर हाताने मोजणी आपोआप होते, कुणी पैसे भरावे लागत नाहीत. साऱ्या राज्यात मतपत्रिका हाताने मोजल्या गेल्या. 51 चे 49 झाले आणि तिथेच मिटलं. वीस वर्षांपूर्वी जे राज्य सात महिने दुभंगलं होतं त्याच राज्यात माझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना अशी मोजणी झाल्याचं माहीतही नव्हतं.

मला महाराष्ट्रात एवढंच हवं आहे. एक रेघ आखा, मतदानाच्या आधी, पाव टक्का म्हणा नाहीतर अर्धा. फरक त्या रेघेच्या आत आला की त्या मतदारसंघातल्या सगळ्या स्लिपा मोजायच्या, कुणाच्या अर्जाची किंवा कुणाच्या मर्जीची वाट न पाहता. रेघेच्या बाहेर असेल तर हरलेल्याने अनामत भरून केंद्रं निवडावीत, हवी ती, सोडतीत निघालेली नव्हे. यंत्र राहू द्या. आणि मतदार यादीतल्या दुबार आणि मेलेल्या नावांवर जो वाद चालू आहे, त्यात वेनॅचीच्या कोर्टासारखं नाव-नाव मांडून काय ते बाहेर येऊ द्या. कायद्यात निवडणूक याचिका सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न करावा असं लिहिलेलं आहे. ते पाळलं तर पुष्कळ होईल.

इथलं सगळं उचलून तिथे नेऊ नका, हेही मी तितक्याच कळकळीने सांगते. इथे आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर मतपत्रिका भरतो, पाकिटावर सही करतो आणि पेटीत टाकतो. ज्या घरात सासरा किंवा नवरा शेजारी बसून बघतो, तिथल्या बाईला पडद्याआड एकटीने बटण दाबायला मिळतं, हे आपल्या केंद्राचं फार मोठं देणं आहे. ते सोडायचं नाही. माझी सही मी देवनागरीत करते. एकदा घाईत गाडीच्या बॉनेटवर पाकीट ठेवून केली, वेडीवाकडी झाली. आठवड्यात घरी पत्र आलं, सही जुळत नाही, पुन्हा करून पाठवा. मी केली, आणि माझं मत मोजल्याची नोंद मला वेबसाइटवर दिसली. 2004 मध्ये त्या 735 जणांना असं पत्र आलं असतं तर पुढचं पुष्कळ टळलं असतं.

गेल्या दिवाळीला आप्पांशी बोलताना मी 51 आणि 49 ची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी 2024 चं स्वतःचं मतदान सांगितलं. चष्मा घरी राहिला होता, म्हणून बटण दाबल्यावर ते काचेपाशी वाकले, नाक टेकेपर्यंत, आणि स्लिप पेटीत पडेपर्यंत चिन्ह नीट पाहून घेतलं. आमच्या केंद्राचा नंबर त्या पाचांत लागला नाही.

"सात सेकंद मी बघितली," आप्पा म्हणाले. "माझ्यानंतर ती कुणी बघितली नाही."